मोलर हायस्कूलच्या बेसबॉलचा इतिहास: स्टार खेळाडूंचा की कोचचा?

ओहायोकर:
सिनसिनाटीच्या आर्चबिशप मोलर हायस्कूलचं नाव काढलं की लोक लगेच तिथून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक बेसबॉल लीग) गेलेले केन ग्रिफी ज्युनियर आणि बॅरी लार्किन सुरू करतात. लार्किन १९८२ ला बाहेर पडला, ग्रिफी १९८७ ला, दोघेही बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, कौतुक आहेच. पण शाळेच्या बेसबॉलचा इतिहास म्हणून एवढंच सांगणं मला अजिबात पटत नाही. राज्याची टायटल्स कधी आली ते बघा ना: १९७२, १९८९, १९९३, २००४, मग २००९, २०१२, २०१३, २०१५. म्हणजे लार्किन असताना नाही आणि ग्रिफी असताना पण नाही!

माझं मत, ही टीम उभी केली माईक कॅमेरॉन या कोचने. जवळजवळ चार दशकं एकाच शाळेत, ९०० च्या वर मॅचेस जिंकल्या. आणि ही काही जुनी शाळा नाही, १९६० ला सुरू झाली, वर तिथे सगळा बोलबाला फुटबॉलचा, इतका की त्यांचा फुटबॉल कोच गेरी फॉस्ट हायस्कूलमधून थेट नोत्र दाम युनिव्हर्सिटीचा हेड कोच झाला. अशा ठिकाणी बेसबॉल टिकवायला कोणीतरी ठाण मांडून बसावं लागतं.

लेगबाय:
नाही पटलं. १९८९ च्या टीममध्ये डेव्हिड बेल होता, १९९३ ला त्याचा भाऊ माईक बेल. बडी बेलची मुलं आणि गस बेलचे नातू, बडी स्वतः मोलरचाच, सगळे मेजर लीग खेळलेले. डेव्हिड तर पुढे सिनसिनाटीच्या मेजर लीग टीमचा, रेड्सचा मॅनेजर झाला. दोन स्टार बाजूला काढले की लगेच कोचचं श्रेय होत नाही, बाकीचे स्टार पण मोजा की.

आणि ही मुलं आली कुठून? रेड्स याच शहरातली टीम, खेळाडू इथेच घरं करून राहिले. ग्रिफीचा बाप १९७५ आणि ७६ ची वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या रेड्समध्ये होता. ज्या पोराने लहानपण मेजर लीगच्या लॉकर रूममध्ये घालवलं त्याला शाळेचा कोच वेगळं काय शिकवणार?

ओहायोकर:
@लेगबाय बेल बंधूंबद्दल वाद नाही. पण नॉकआउट कसं चालतं ते बघा. सात इनिंगची मॅच, एकदा हरलात की घरी. बॅटरला एका मॅचमध्ये तीन, फार तर चार वेळा बॅटिंग मिळते, आणि ग्रिफीसारखा कोणी समोर आला की पिचर त्याला मुद्दाम वॉक देऊन, म्हणजे मारायला बॉलच न देता पहिल्या बेसवर जाऊ देऊन मोकळा होतो. सेंटर फिल्डला उभा असलेला पोरगा कितीही भारी असला तरी एकटा राज्याचं टायटल आणू शकत नाही, ८७ ला तेच झालं.

त्यात ओहायोचा वसंत! मार्च-एप्रिलमध्ये गारठा, पाऊस, आज मॅच रद्द, उद्या रद्द, आणि मग त्या सगळ्या मॅचेस एकाच आठवड्यात कोंबलेल्या. अशा वेळी एक हिरो पिचर पुरत नाही, भरवशाचे तीन-चार लागतात, आणि चौथ्या नंबरचा पिचर कोणाच्या बापाकडून आयता येत नाही, तो सराव घेऊन घडवावा लागतो. कोचचं काम ते हेच.

मेसनची_आई:
तुम्ही दोघं मूळ मुद्दाच सोडताय. माझा मुलगा पब्लिक शाळेत खेळतो. त्या शाळेला आपल्या हद्दीतलीच मुलं घ्यावी लागतात. मोलर खासगी कॅथलिक शाळा, फक्त मुलांची, कुठल्याही उपनगरातलं पोरगं फी भरून तिथे जाऊ शकतं. राज्यभर हा राग आहे, उगीच नाही, २०१४ मध्ये ओहायोच्या शाळांनी मतदान करून कॉम्पिटिटिव्ह बॅलन्सचा नियम आणला, की बाहेरच्या भागातून मुलं येत असतील तर त्यांचं वजन धरून शाळेचं डिव्हिजन (स्पर्धेतला गट) ठरवायचं.

ओहायोकर:
ताई, त्या नियमाने मोलरला काय फरक पडला? ते आधीपासूनच सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये होते, अजून वर ढकलणार कुठे. आणि तुमच्या मेसन गावच्या पब्लिक हायस्कूलमध्ये तीन हजारांच्या वर मुलं-मुली आहेत, मोलरमध्ये त्याच्या निम्मे पण नाहीत.

मेसनची_आई:
फरक पडला नाही हेच तर माझं म्हणणं आहे! आकड्याचं काय घेऊन बसलात, आमच्याकडच्या तीन हजारांत निम्म्या मुली, बाकीच्यांत बॅट हातात न धरलेले कितीतरी. तिकडे बेसबॉल डोक्यात ठेवूनच काही घरं शाळा निवडतात. ज्याला फी परवडत नाही त्याचं पोरगं कितीही चांगलं खेळलं तरी कॅमेरॉनपर्यंत पोचणार कसं?

फुलटॉस:
आपल्याकडे सचिनने आचरेकर सरांसाठी बांद्र्याची शाळा सोडून दादरचं शारदाश्रम गाठलंच ना. चांगला कोच असला की पोरं येणारच. म्हणजे ताई म्हणतात ते आणि ओहायोकर म्हणतात ते एकाच ठिकाणी येतं, पोरं येतात कारण कोच आहे.

मेसनची_आई:
@फुलटॉस शारदाश्रमला जायला बसचा पास पुरला. इथे वर्षाची फी हजारो डॉलर आहे.

लेगबाय:
अजून एक राहिलं. लार्किन आणि ग्रिफी दोघेही उन्हाळ्यात मिडलंड क्लबकडून खेळायचे. शाळेचा सीझन मार्च ते जून, खरा खेळ तर उन्हाळ्यात, स्काउट पण तिथेच येतात. मग घडवलं कोणी, शाळेने की क्लबने?

ओहायोकर:
ग्रिफी घडवला कोणी हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. त्याला मेजर लीगच्या मरिनर्स टीमने १९८७ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्याच नंबरवर घेतलं, तो कुठेही गेला असता तरी ग्रिफीच झाला असता. मी शाळेच्या टीमबद्दल बोलतोय. कॅमेरॉनने कोचपद सोडल्यावर २००९ ते २०१५ मध्ये चार टायटल्स आली, तेव्हा ना ग्रिफी होता ना कोणी बेल. सवय लागलेली होती, तीच चालू राहिली.

लेगबाय:
की तोवर बाराही महिने पैसे भरून खेळायचं ट्रॅव्हल बॉल घरोघरी पोचलं होतं आणि मोलरला पोरं तयारच मिळत होती? त्या चार टीममधली किती पोरं आधीच अशा क्लबमध्ये होती ते काढा, मग सवयीचं बोलू.