मदत हवी आहे: मोटार स्टार्टरच्या बोर्डासाठी पीसीबी डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअर कोणतं धरावं?

नमस्कार मंडळी,

मी सेलूचा, जिल्हा परभणी. आयटीआय केलंय, पण इलेक्ट्रॉनिक्स हा पोटाचा धंदा नाही, छंद आहे. आजवर सगळी सर्किटं ठिपक्यांच्या बोर्डावर वायरी ओढून केली. आता पहिल्यांदा नीट पीसीबी, म्हणजे तांब्याच्या छापील ट्रॅकचा बोर्ड, करायची आहे. एकदा जे सॉफ्टवेअर शिकेन तेच पुढची कित्येक वर्षं वापरायचं, असा विचार आहे. म्हणून जरा सविस्तर विचारतो.

बोर्ड आहे शेतातल्या सबमर्सिबल मोटारीचा स्टार्टर सांभाळायला. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीला माणूस ऑटो स्विचच्या भरवशावर घरी झोपतो. तीनपैकी एक फेज गेला तर मोटार गुरगुरत तापते, बोअरचं पाणी तुटलं तर कोरडी फिरते. दोन्हीकडून मरण वाइंडिंगचंच. मग पाइपासकट मोटार वर काढा, रिवाइंडिंगला न्या, परत सोडा; ऐन हरभऱ्याच्या भिजवणीत हे झालं की पीक वाट बघत नाही. तयार पॅनल बाजारात मिळतात हे माहीत आहे. पण मला असा बोर्ड हवाय, ज्यातला कोणता भाग गेला ते मला कळेल आणि तेवढाच बदलता येईल.

सर्किट साधं आहे. तिन्ही फेजवर रेझिस्टर लावून पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन बाजू विजेनं वेगळ्या ठेवून उजेडानं सिग्नल देणारा भाग), त्यावरून फेज आहे की नाही ते कळतं. एका वायरवर सीटी, म्हणजे करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर. करंट ठरावीक पातळीखाली गेला की पंप कोरडा चाललाय असं धरायचं. मधे एटमेगा ३२८ मायक्रोकंट्रोलर आणि शेवटी स्टार्टरच्या कॉइलसाठी १२ व्होल्टची रिले. घरी टेबलावर कमी व्होल्टेजवर हे चालतंय. पण ठिपक्याच्या बोर्डावर भोकं २.५४ मिमीवर असतात, तिथं ४१५ व्होल्ट न्यायला माझं मन धजत नाही. म्हणूनच पीसीबी.

माझी परिस्थिती अशी: लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, विंडोज १०. नेट मोबाईलचं, आणि पावसाळ्यात त्याचा काही नेम नाही. बोर्ड साधारण १५ × १० सेंमीचा होईल. पहिला घरीच टोनर आणि फेरिक क्लोराइडवर, एका बाजूचा. तो पटला तर मग गर्बर फाइली (कारखान्याला लागणारे बोर्डाचे नकाशे) देऊन कारखान्यातून काढून घ्यायचे. अजून एक गोष्ट आहे. भावकीतल्या दोघातिघांनी आत्ताच सांगून ठेवलंय की आम्हालाही कर. त्यांच्याकडून सामानाचे पैसे घ्यावेच लागतील. मग हा छंद राहिला की धंदा झाला?

आता मी काय काय पाहिलं ते.

ईगलचं नाव सगळ्यात आधी ऐकलं होतं, जुन्या प्रोजेक्टच्या फाइली त्यातच असतात. पण २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कनं घेतलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ पासून ईगल बंद, पुढं फ्यूजन वापरा. फ्यूजनच्या फुकट वैयक्तिक लायसनमध्ये बोर्ड ८० चौरस सेंमीपर्यंतच. माझा १५० चा आहे, म्हणजे प्रश्नच मिटला. डिपट्रेसची फुकट आवृत्ती ३०० पिन आणि दोन लेयरपर्यंत चालते. माझ्या बोर्डाला तेवढ्या पिना भरपूर झाल्या, पण ती बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे आणि तिथं भावकीचा प्रश्न आडवा येतो. फ्रित्झिंग दिसायला सोपं, ब्रेडबोर्डचं चित्र छान काढतं. मात्र तयार प्रोग्राम उतरवायला थोडे पैसे पडतात, आणि ४१५ व्होल्टच्या बोर्डाला ते पुरेल असं वाटत नाही.

राहिले तीन: ईझी-ईडीए, लिब्रे-पीसीबी आणि कीकॅड. ईझी-ईडीए ब्राउझरमध्येच उघडून पाहिलं, तासाभरात हात बसला हे खरं. पण माझी डिझाइन दुसऱ्याच्या सर्व्हरवर, आणि नेट गेलं की हात बांधलेले. लिब्रे-पीसीबीची १.० आवृत्ती २०२३ मध्ये आली, सुटसुटीत आहे, पण लायब्ररी लहान वाटली. कीकॅडबद्दल सगळे चांगलं बोलतात, पण उघडल्यावर इतक्या खिडक्या दिसल्या की कुठून धरावं कळेना.

तर विचारायचंय हे: ४ जीबीवर कीकॅड खरंच चालतं का? एका बाजूच्या घरगुती बोर्डासाठी त्यात काय वेगळं करावं लागतं? आणि केलेले बोर्ड पैसे घेऊन दिले तर लायसनची काही अडचण आहे का? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगावं.

—

प्रतिसाद, लातूर

दादा, मी कीकॅडच वापरायलो, आणि माझाही लॅपटॉप ४ जीबीचाच आहे. चालतं. थ्रीडी चित्र फिरवताना अडखळतं, बाकी काही त्रास नाही. इन्स्टॉल करताना थ्रीडी मॉडेल्सची खूण काढून टाका, सगळ्यात जास्त जागा तीच खातात. एकदा उतरवून घेतलं की नेटची गरज संपली, लायब्ररी सगळी लॅपटॉपवरच असते.

लायसनची चिंता सोडा. कीकॅड जीपीएल या मुक्त लायसनवर आहे. केलेला बोर्ड विका, वाटा, दुकानात ठेवा, कुणी विचारणार नाही. आकाराचं, पिनांचं बंधन नाही. ते कुणा एका कंपनीचंही नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलं, पुढं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं त्यात मोठं काम केलं आणि २०१९ पासून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. फाइली साध्या मजकुराच्या असतात, नोटपॅडमध्येसुद्धा उघडून वाचता येतात. तुम्ही दीर्घ मुदतीचं बघताय ना, मग मला यातच सगळ्यात जास्त खात्री वाटते. एक मात्र लक्षात ठेवा: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून आवृत्ती बदलायच्या आधी प्रोजेक्टचा फोल्डर वेगळा कॉपी करून ठेवायचा.

खिडक्यांना घाबरू नका. क्रम एकच आहे: आधी स्कीमॅटिक काढायचं, मग प्रत्येक भागाला फूटप्रिंट (बोर्डावरचा त्याच्या पॅडचा साचा) नेमायचं, ईआरसी (जोडण्यांची तपासणी) चालवायची, मग बोर्डात आणून भाग मांडायचे, ट्रॅक ओढायचे, शेवटी डीआरसी (अंतरांच्या नियमांची तपासणी). ट्रॅक आपोआप ओढणारा ऑटोराउटर आतमध्ये नाही. फ्रीराउटिंग बाहेरून जोडता येतं, पण एका बाजूच्या बोर्डाला हातानंच ओढलेलं बरं. जिथं ओलांडता येत नाही तिथं जंपर टाकायचा.

घरी करताना आयसीसाठी नावात लाँगपॅड्स असलेली फूटप्रिंट निवडा. पॅड लांबट असतात, ड्रिल जरा सरकलं तरी सोल्डरला तांबं उरतं. ट्रॅक निदान ०.८ मिमी ठेवा. आणि टोनरचा कागद काढताना खालच्या बाजूचं तांबं मिरर न करता प्रिंट करा. सॉफ्टवेअर बोर्ड वरून बघितल्यासारखा दाखवतं, कागद उलटा चिकटवला की चित्र आपोआप बरोबर बसतं. मिरर केलं तर आयसीच्या पिना उलट्या येतात.

—

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

ईझी-ईडीएला एवढं बाजूला सारू नका. प्रो आवृत्तीचा डेस्कटॉप प्रोग्राम आहे, त्यात ऑफलाइन काम करता येतं. भाग शोधला की त्याचं फूटप्रिंट तयारच मिळतं, हे नवख्यासाठी फार मोलाचं आहे. शिवाय कीकॅड ८ पासून ईझी-ईडीएच्या फाइली कीकॅडमध्ये आणता येतात, त्यामुळं अडकून पडायची भीती पूर्वीइतकी नाही. मी स्वतः छोटे सेन्सरचे बोर्ड त्यातच करतो. तुमचा बोर्ड मात्र हाय व्होल्टेजचा आहे, तिथं नियम बारकाईनं लावायला मीही कीकॅडच घेईन.

—

प्रतिसाद, नांदेड

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पण भाऊ, आधी रिलेकडं बघा. आपल्याकडच्या थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुतेक वेळा दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. बाजारात मिळणाऱ्या त्या निळ्या चौकोनी रिलेच्या पाठीवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. ती वापरू नका, कॉन्टॅक्ट चिकटला तर मोटार बंदच होणार नाही. डेटाशीटवर कॉन्टॅक्टचं व्होल्टेज बघून आधी रिले ठरवा, मगच लेआउटला हात घाला, कारण रिले बदलली की फूटप्रिंट बदलतं.

दुसरं, फेजकडचे रेझिस्टर. ४१५ चा शिखर व्होल्टेज ५८७ च्या आसपास जातो. साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरची मर्यादा साधारण २५० व्होल्ट असते. एकच न लावता तीन एकामागे एक, सिरीजमध्ये लावा, आणि किती वॅट तापतील तेही मांडून बघा.

तिसरं अंतर. फेजच्या बाजूचे ट्रॅक आणि एटमेगाची बाजू यांत ८ मिमी ठेवा. कीकॅडमध्ये फेजच्या नेटांचा (जोडण्यांचा) वेगळा नेट क्लास करून, तो आणि एटमेगाकडचे नेट यांत तेवढं अंतर राहील असा कस्टम नियम लावून टाका, कुठं कमी पडलं तर डीआरसी स्वतः दाखवेल. पीसी८१७ च्या दोन रांगांत ७.६२ मिमी असतं, पॅड धरले की ६ च्या आसपासच उरतं. म्हणून ऑप्टोच्या पोटाखाली खाच पाडायची. कारखान्यात देताना ती एज कट्सच्या, म्हणजे बोर्ड कापायच्या रेषांच्या, लेयरवर काढा, घरी असेल तर बारीक करवतीनं पाडा. शेतातल्या पेटीत धूळ, ओल, मुंग्या सगळं जातं, त्यामुळं शेवटी वॉर्निशचा हात हवाच. आणि घरच्या प्लेटवर थेट ४१५ देऊ नका. घरी केलेली प्लेट १२ व्होल्टच्या चाचणीसाठी ठेवा, शेतात जाईल ती कारखान्याची ग्लास इपॉक्सीवाली.

—

धागाकर्ता, सेलू

सगळ्यांचे मनापासून आभार. कीकॅड धरतोय, ठरलं. नांदेडच्या सरांचं रिलेचं वाचून स्टार्टर उघडून पाहिला, कॉइलवर ४१५ च लिहिलंय. आता लेआउट थांबवून आधी रिले शोधतो. पुण्याच्या टापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कुणाचं जाणं होत असेल तर कळवा, डेटाशीटसकट भागांची यादी देतो.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम म्हणून एक सॉफ्टवेअर सापडलं, त्यात स्कीमॅटिकला कीकॅड आणि सिम्युलेशनला एनजीस्पाइस आहे. सीटीच्या आउटपुटला रेझिस्टर आणि डायोड लावल्यावर एटमेगाच्या पिनवर किती व्होल्ट येईल, ते त्यात तपासायचा विचार आहे. कुणी सीटीचं मॉडेल त्यात बसवलंय का? साधा ट्रान्सफॉर्मर धरून चालेल, की करंट सोर्स टाकून बघावं?