आधी साइझिंग, मग ट्रिमिंग

काडतुसं पुन्हा भरताना .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या झाडलेल्या केसेस (पितळी नळ्या) आधी ट्रिम करून (तोंडाकडून कापून) मग साइझ केल्या (साच्यात दाबून मापात आणल्या) आणि लांबी पुन्हा कमीजास्त आली, असं एकाने लिहिलंय. इथे क्रमच उलटा झालाय. फुल-लेंग्थ डायमध्ये (पूर्ण केस दाबणाऱ्या साच्यात) पितळ दाबलं जाऊन मानेकडे (गोळी धरणाऱ्या अरुंद भागाकडे) सरकतं आणि केस लांबते. म्हणून ल्युब (वंगण) लावून साइझ करा, ल्युब पुसा, मगच लांबी मोजायला कॅलिपर लावा.

अमेरिकन मानकानुसार कमाल लांबी २.०१५ इंच (५१.१८ मिमी), ट्रिम करायची २.००५ इंचांपर्यंत. हे हलक्यात घेऊ नका. मान जास्त लांब असली तर तिचं तोंड चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढच्या कडेत दाबलं जातं, गोळी आवळली जाते आणि दाब धोकादायक वाढतो.

योग्य क्रमानेही फरक येत असेल तर रिम (केसच्या बुडाची कड) बघा. एक्स्ट्रॅक्टरने (झाडलेली केस ओढून काढणाऱ्या आकड्याने) ओरखडून वर आलेली कड असली की केस ट्रिमरच्या होल्डरमध्ये तिरकी बसते. पायलटवर (ट्रिमरच्या मानेत जाणाऱ्या दांडीवर) पितळ साठलं असेल तर तेही पुसा. दोन-तीन हजारांश इंच फरक साध्या नेमबाजीला चालतो.

शेवटी तोंडाला आतून-बाहेरून चॅम्फर (कड तिरकी घासणं), पण दोन हलके फेरेच. जास्त फिरवलं तर तोंडाची धार सुरीसारखी पातळ होते.

आणि एक, वारंवार ट्रिम करावी लागणारी केस बुडाजवळ पातळ होत असते. टोक वाकवलेली तार आतून फिरवा. बुडाच्या किंचित वर खाच लागली, तर ती केस चेपून भंगारात टाका.