टीव्हीवर बघणारा चाहता निष्ठावान नसतो, असं कोण ठरवणार?

नाशिकचा_रेड:
परवा इथे एकाने लिहिलं, "तिकीट काढून मैदानात जातो तोच खरा चाहता. मध्यरात्री पांघरुणात बसून इंग्लंडचे क्लब बघणारे सगळे उसने." तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

25 मे 2005. हॉस्टेलच्या मेसमधला टीव्ही, इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल, माझा क्लब लिव्हरपूल विरुद्ध मिलान. मध्यंतराला मिलान 3-0 पुढे. तीसेक पोरं होती, त्यातली आम्ही चौघं उरलो. मेसचे काका दारात चाव्या वाजवत उभे. "काका, पाचच मिनिटं," असं म्हणत त्यांना थोपवलं. मग सहा मिनिटांत आमचे तीन गोल. पेनल्ट्या सुरू झाल्या तेव्हा काकाच खुर्ची ओढून पुढे बसले होते. 2014 ला चेल्सीविरुद्ध आमचा कॅप्टन जेरार्ड घसरला आणि गोल बसला, त्या रात्री ताट तसंच झाकून ठेवलं. इंग्लंडची लीग आली 2020 मध्ये, 30 वर्षांनी, तीही रिकाम्या स्टेडियममध्ये. त्या दिवशी आमच्या घरच्या मैदानावर, अॅनफिल्डला जाणारे पण टीव्हीपुढेच होते ना? आणि नाशकात मी कुठल्या क्लबचं तिकीट काढायचं, तेही सांगा.

पेठेतला_पोरगा:
ते मीच लिहिलंय आणि परत लिहितो. भावा, तू नसलास तरी लिव्हरपूल चालतंय. आमची तालीम, म्हणजे पेठेचा फुटबॉल संघ, आमच्याशिवाय चालत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार ह्या तालमींची मॅच बघायला ये एकदा. आमचा फॉरवर्ड गल्लीतला. गोल घालवला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर त्याच्या तोंडावर सांगतो, आणि गुडघा गेला तर त्याला दवाखान्यात पण आम्हीच नेतो. तुझा सलाह तुला ओळखतोय काय?

नाशिकचा_रेड:
ओळखत नाही. पंढरपूरला न जाता घरी एकादशी करणाऱ्यालाही उसना म्हणाल का? आणि वर्ल्डकप आला की मेस्सी-नेमारचे कटआउट सगळ्यात आधी तुमच्याच पेठांत लागतात. ते कुठल्या तालमीचे?

पेठेतला_पोरगा:
वर्ल्डकप चार वर्षांतनं एकदा. ह्यात त्याला ओढू नको.

अंधेरी_वेस्ट:
दोघेही 2018 विसरलात. 1 जूनला मुंबई फुटबॉल अरीनात भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, बघायला 2,569 माणसं. मग भारताचा कॅप्टन सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले, मॅचला या म्हणून. युरोपच्या क्लबांच्या चाहत्यांना तर त्याने वेगळं सांगितलं, की आमचा दर्जा तसा नाही, मान्य आहे, पण या. केनियाच्या मॅचला तिकिटं संपली. त्या पावसात मी भिजत उभा होतो आणि बाजूला निम्मे लोक मँचेस्टर, चेल्सीची जर्सी घालून होते. टीव्हीवाला चाहता येतो, त्याला बोलवावं लागतं.

बालेवाडी_ईस्ट_स्टँड:
मैदानात जा, मैदानात जा! आम्ही गेलो की. आधी पुणे एफसी, ती पुढे बंद झाली. शिवाय पुणे सिटी. 2014 पासून बालेवाडीला दर घरच्या मॅचला. पीएमटी बदलून, ऑफिसातून अर्धा दिवस काढून. 2018 ला इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) सेमीफायनलपर्यंत गेलो. 2019 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. आम्हाला कुणी विचारलं? पेठेतल्या पोरा, तुझी निष्ठा तुझ्या गल्लीत सुरक्षित आहे. आमची ताळेबंदावर होती.

अंधेरी_वेस्ट:
मुंबईची महिंद्र युनायटेड आठवा. 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, 2010 मध्ये बंद. माझे वडील कूपरेजला जायचे. त्यानंतर त्यांनी फुटबॉलच सोडला.

पेठेतला_पोरगा:
म्हणूनच म्हणतो, कंपनीवर जीव लावायचाच नाही. तालमी कुणी विकत घेत नाही.

बालेवाडी_ईस्ट_स्टँड:
पुण्यात फुटबॉलची तालीम कुठून आणू? आम्हाला मिळाला तो संघ आम्ही धरला. तुम्ही त्यालाही चूक म्हणताय, हे फार लागलं.

मर्सीसाइडहून:
मी इथे, लिव्हरपूलच्या भागात, अकरा वर्षं राहतो. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलचे मालक सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं करणार म्हटल्यावर संडरलँडविरुद्ध 77 व्या मिनिटाला सुमारे 10,000 लोक उठून बाहेर गेले. मीही गेलो. संघ 2-0 पुढे होता, मॅच 2-2 सुटली. चार दिवसांत मालकांनी दर मागे घेतले. त्या दिवशी सगळ्यात निष्ठावान माणसं रस्त्यावर उभी होती.

बालेवाडी_ईस्ट_स्टँड:
तुम्ही उठलात आणि मालक नमले. आम्ही बसून होतो आणि संघच उठून गेला.

लेफ्टबॅकची_आई:
सगळे पुरुष एकमेकांना निष्ठा शिकवताय. मी अकरा वर्षांच्या लेकीला स्थानिक स्पर्धेला नेलं होतं. मैदान कुठलं ते सांगत नाही. पहिल्या वीस मिनिटांत आईबहिणीवरून इतक्या शिव्या, की ती मला अर्थ विचारायला लागली. बायकांसाठी संडास नाही. मध्यंतराला समोरच्या मिठाईवाल्यांच्या घरी जावं लागलं. ती स्वतः लेफ्टबॅक खेळते आणि मॅच आता घरी, टीव्हीवर बघते. तिला उसनी म्हणून बघा.

पेठेतला_पोरगा:
ताई, तुमच्या लेकीला नाही म्हणणार. शिव्यांचं खरं आहे, आमच्याकडं पण होतंय. गप बसतो आम्ही, ते चुकतंय. पण नाशिकवाल्याला मी अजून मानत नाही.

नाशिकचा_रेड:
मानू नकोस. गल्लीतल्या खेळाडूला दवाखान्यात नेणं मला जमणार नाही, तेवढं तुझं जास्त. तेवढंच.

अंधेरी_वेस्ट:
बालेवाडी, एक विचारू? 2021-22 ला हैदराबादने आयएसएल जिंकली, तेव्हा कसं वाटलं?

बालेवाडी_ईस्ट_स्टँड:
त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच्यासाठी टाळी वाजवली. पुणे सिटीचा नारिंगी स्कार्फ कपाटातून काढला, मांडीवर ठेवला, पण गळ्यात घातला नाही.