रात्रीचा स्वयंपाक साडेआठच्या आत कसा उरकायचा? (बायकोची सेकंड शिफ्ट)

बदलापूर_स्लो

मंडळी, नमस्कार. बायकोला सेकंड शिफ्ट लागली आहे, दुपारी दोन ते रात्री दहा. सकाळचे डबे आणि दुपारचं जेवण ती करून जाते. रात्रीचं खातं माझ्याकडे आलंय. ऑफिस विक्रोळीला. गाड्या वेळेवर असल्या तर साडेसातला घरात. जेवायला आई (वय 74, कवळी आहे, म्हणून सगळं मऊ लागतं), थोरली आठवीतली, धाकटा तिसरीतला आणि मी. पाचवं ताट बायकोचं, ते झाकून ठेवायचं. ती अकराला येऊन जेवते.

स्वयंपाक येत नाही अशातला भाग नाही. लग्नाआधी खोली करून राहायचो तेव्हापासून करतोय. पोळ्या गोल होतात, फुगतातही. भानगड वेळेची आहे. हातपाय धुऊन ओट्यापाशी उभा राहिलो की ताटं मांडेपर्यंत सव्वानऊ होतात. तोवर धाकटा फरसाणच्या डब्यात हात घालून पोट भरून घेतो आणि जेवायला बसला की डुलक्या काढतो. आईची साखरेची गोळी जेवणाआधीची. ती आठच्या ठोक्याला घेते आणि मग "झालं का रे?" सुरू.

एकदा घड्याळ लावून पाहिलं. कणीक भिजवण्यापासून शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत पाऊण तास (चौदा पोळ्या). भाजी निवडणं-चिरणं वीस मिनिटं, गवार असेल तर विचारूच नका. वरणभाताचं काही वाटत नाही. आणि एक वेळ कुठल्याच हिशेबात येत नाही: फ्रिज उघडा ठेवून "आज काय करायचं" म्हणून ताटकळत उभं राहणं.

स्वयंपाकाला बाई ठेवा हे सुचवू नका, आईला ओट्यापाशी परकं माणूस चालत नाही आणि तो विषय घरात होऊन गेलाय. रोज बाहेरून मागवणं खिशाला आणि पोटाला दोन्हीला झेपत नाही. रविवारी आठवड्याचं शिजवून डबे भरून ठेवा असं व्हिडिओवाले सांगतात. आमच्याकडे बुधवारी रविवारची भाजी वाढली तर आई ताटाला हात लावणार नाही. शिजवलेलं साठवायचं नाही, पण अर्धवट तयारी काय काय करून ठेवता येते, ते करणाऱ्यांनी सांगावं.

गोदाकाठ

उत्तर तुमच्याच हिशेबात आहे. पाऊण तास पोळ्या खातात, तर रात्री पोळ्या करू नका. मी शाळेत शिकवते, घरी यायला सहा-साडेसहा होतात. आमच्याकडे रात्रीची पोळी आठवड्यातून दोनदाच. बाकी दिवस खिचडी-कढी, थालीपीठ, पिठलं-भात, वरणफळं.

वरणफळं तुमच्या आईंसाठी तर खासच. तुरीचं वरण कुकरला लावायचं. ते होईपर्यंत तीन-चार गोळ्यांची कणीक घट्ट भिजवायची, हळद-तिखट-ओवा घालून. वरण घोटून चांगलं सैल करायचं, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा. उकळी फुटली की मोठी पोळी लाटून सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि एकेक सोडायचे. सगळे एकदम ओतलेत तर गोळा होईल. दहा मिनिटं मंद गॅसवर. चौदा वेळा लाटायच्या जागी तीनदा लाटलंत, तव्यापाशी उभं राहणं नाही, वेगळी भाजी नाही. वरून तूप. उरलं तर घट्ट होतं, मिसेसच्या ताटाला गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी द्या.

थालीपिठाची भाजणी घरात कायम हवी. दळून आणली की दोन महिने बघायला नको.

आणि फ्रिजसमोर उभं राहण्याबद्दल: आमच्याकडे वार ठरलेले आहेत. सोमवारी खिचडी म्हणजे खिचडी. मुलं कुरकुरतात, कुरकुरू दे.

माईकाकू_सांगली

अरे बाबा, पोळ्या नकोत म्हणून भातावर भात देऊ नकोस. आईला साखर आहे ना? आणि आधी ती गोळी. जेवण ताटात दिसल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. जेवणाआधीच्या काही गोळ्यांनी जेवायला उशीर झाला की साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. आमच्या ह्यांचं झालेलं आहे. तिच्या डॉक्टरांना विचारून घे, पण आज रात्रीपासून घड्याळ बघून गोळी देणं बंद कर.

आता भाकरी. तुम्हा मुंबईकडच्या लोकांना भाकरी म्हटलं की हॉटेलातलं पिठलं-भाकरीचं ताट आठवतं. आमच्याकडे रात्री भाकरीच. चौदा पोळ्यांच्या जागी पाच भाकऱ्या, माणशी एक. कणकेसारखं मुरत ठेवणं नाही, घडी नाही, तेल नाही. एका भाकरीपुरतं पीठ परातीत घ्यायचं, कढत पाणी, तळहाताने रगडून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. एक तव्यावर असताना दुसरी थापून होते. हात बसला की वीस मिनिटांत पाच भाकऱ्या आणि तवा खाली.

फक्त पीठ ताजं हवं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं आणि थापताना कडा फाटतात. मग म्हणशील माईकाकूने फसवलं. एकदम पाच किलो दळून आणू नकोस, पंधरा दिवसांचंच आण. आईला दाताला कडक लागली तर गरम दुधात किंवा आमटीत कुस्करून दे.

आणि आई घरात बसून असते ना? तिला काम दे. लसूण सोलणं, गवार मोडणं, मेथी निवडणं हे तिने टीव्हीसमोर बसून दुपारी करावं. म्हातारपणी रिकामं बसवून ठेवलंत की माणूस "झालं का रे?" विचारण्याशिवाय दुसरं काय करणार.

शिट्टीमास्तर

"वरणभाताचं काही वाटत नाही" असं लिहिलंत, पण कुकरमध्ये अर्धी जागा रिकामी घालवताय असा संशय आहे. मी पुण्यात प्रेशर व्हेसल्सच्याच धंद्यात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

कुकरमध्ये दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जादा असतो, त्या दाबाला पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर टाकणं. दाब एकदा तयार झाला की आत शिजायचं ते शिजतंच, मोठ्या गॅसवर शिट्ट्या मोजत बसण्यात गॅस आणि पाणी दोन्ही जातं. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा. भिजवलेली तूरडाळ दहा मिनिटांत लोणी होते. बंद केल्यावर वाफ जिरायला दहा मिनिटं लागतात. शिजणं तेव्हाही चालू असतं, म्हणून शिट्टी उचलून फुस्स करण्याची घाई नको. तेवढ्यात भाकरी थापा.

डाळ भिजवायला सकाळी कुणी सांगायचं? तुम्ही नाही, मिसेसने दुपारी निघताना धुऊन, पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवायची. विसरलं तर तुरीच्या जागी मूग किंवा मसूर घ्या, त्यांना भिजवण्याची गरज नाही.

मांडणी अशी: पाच लिटरचा उभा कुकर, तळाला दोन वाट्या पाणी आणि जाळी. खाली डाळीचं भांडं, त्यात हळद, हिंग, तेलाचा थेंब. चिंच, आमसूल, टोमॅटो यातलं काही आत्ता घालायचं नाही, आंबटामुळे डाळ टणक राहते. वर भाताचं भांडं. भातावरच्या झाकणीत लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी किंवा बटाटे सालासकट अर्धे करून. कुकर उघडलात की भात तयार, वरण घोटायला तयार, आणि भोपळ्याच्या भरतासाठी फक्त दही, दाण्याचं कूट आणि तुपाची फोडणी. भरताला चिरण्याचा वेळ दोन मिनिटं, आणि आईंना चावायला लागत नाही.

शेवटचं. दारातून आत आलात की आधी कुकर चढवा, मग बूट काढा. हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली शिट्टी झालेली असेल. (बायको म्हणते बूट घालून स्वयंपाकघरात येऊ नका. बरं, बूट काढून.)

लेडीज_डबा

डोंबिवलीकर आहे. माईकाकूंच्या यादीत मी गाडीतली चौथी सीट घालते. आमच्या डब्यात मटार सोलून होतात, कोथिंबीर निवडून होते, गप्पाही होतात. जेन्ट्स डब्यात हे करताना कुणी दिसत नाही, सुरुवात तुम्ही करा की!

स्टेशनबाहेर चिरलेली भाजी मिळते. फरसबी, सुरण, लाल भोपळा खुशाल घ्या. चिरलेली पालेभाजी मात्र घेऊ नका. चिरल्यानंतर धुतली तर सगळं पाण्यात जातं आणि चिरण्याआधी धुतली होती की नाही, देव जाणे.

आणि पोळी-भाजी केंद्राचं कुणीच नाव काढलं नाही? बाईमाणसाने लिहिलं म्हणून चालेल ना? आठवड्यातले दोन दिवस मी गाडीतून उतरून गरम पोळ्या घेते आणि घरी फक्त आमटी-भाजी करते. परकं माणूस ओट्यापाशी येत नाही, पोळ्या येतात. सासूबाई पहिल्यांदा "जाड आहेत" म्हणाल्या. आता "आज केंद्राच्या का गं?" असं विचारतात, तेही जरा आशेनेच.

वाटण करून ठेवा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण घट्ट वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठलं की वड्या काढून पिशवीत. मोड आलेल्या मटकीत दोन वड्या, मसाला, पाणी, वीस मिनिटांत उसळ. हे शिजवून ठेवलेलं अन्न नाही, आईंना चालेल.

बदलापूर_स्लो

सगळ्यांना धन्यवाद. माईकाकू, गोळीचं तुमचं वाचून लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताट समोर आल्यावरच द्या. आता गोळीची पाकीट-डबी ओट्याच्या वरच्या फळीवर, माझ्या ताब्यात.

वरणफळं केली. आईने "ह्याला काय जेवण म्हणतात" म्हणत दोनदा वाढून घेतली. थोरलीला मात्र पसंत पडली नाहीत, तिला कणकेचे तुकडे गिळगिळीत लागतात. तिला मी उरलेल्या गोळ्याची एक पोळी लाटून दिली. हा मार्गही वाईट नाही.

लसूण सोलण्याबद्दल आईला भीतभीतच विचारलं. आता दुपारी फोन येतो, "गवार संपली, उद्याला काय आणतोस?" हा नवा ताप.

भाकरीची पहिली खेप नकाशासारखी झाली, महाराष्ट्र नव्हे, लक्षद्वीप. पीठ ताजं होतं, माईकाकूंवर आळ नाही. हात बसेल. पोळी-भाजी केंद्र आमच्या स्टेशनबाहेरही आहे, गुरुवार त्यांच्या नावाने लावलाय. कुकर शिट्टीमास्तरांच्या मांडणीने लावतो. परवा आठ चाळीसला ताटं मांडली होती.

एक शंका उरली. बायकोच्या ताटातला भात आठला शिजतो आणि ती अकराला जेवते. मी तो कुकरमध्येच झाकून ठेवतो, गरम राहावा म्हणून. चालेल का? आणि रात्री भिजवायला मटकी विसरली तर मधल्या वेळी करायची उसळ कुठली?

शिट्टीमास्तर

कुकरमध्ये तीन तास कोमट भात ठेवू नका. भातात एका जिवाणूचे बीज असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मिसेसचा भात ताटलीत पसरून वाफ जाऊ द्या, मग झाकून फ्रिजमध्ये, तासाभराच्या आत. अकराला चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवून चांगला वाफवून घ्या. वरणाला मात्र खळखळून उकळी.

माईकाकू_सांगली

मटकी विसरलास तर अख्खा मसूर. न भिजवता कुकरला लागतो, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पंधरा मिनिटं. त्या डोंबिवलीवालीच्या वाटणाच्या दोन वड्या घाल, कांदा-लसूण मसाला घाल, वरून कोथिंबीर. भाकरीबरोबर छान लागतो. चवळी न भिजवता घेऊ नकोस, नाहीतर सव्वानऊला पुन्हा इथेच येशील.

आणि लक्षद्वीप झालं तर भाकरी हातावर न घेता पोळपाटावर प्लॅस्टिकचा कागद घालून थाप. आमच्यात हसतात त्याला, पण तुला बदलापुरात कोण बघतंय.