सारिया ते सान्तियागो पायी: नुसता ट्रेक होऊ नये म्हणून काय करावं?

नाशिकरोडकर
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण (वय 38 ते 64) ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला चालत जाणार आहोत. तिथे जाणारा यात्रेचा फ्रेंच मार्ग पूर्ण केला तर साधारण 780 किमी, तेवढी रजा कुणालाच नाही. म्हणून सारियापासून शेवटचे 115 किमी, पाच टप्पे. ग्रुपवर रोज बूट आणि बॅगा यांचीच चर्चा चालते, प्रार्थनेचं कुणी काढत नाही. तिथल्या संत याकोबाच्या (येशूच्या शिष्याच्या) कबरीपर्यंत जाऊन फोटो काढून परत यायचं नाहीये. दिवस कसा आखावा?

वाटसरू
पाच दिवस आहेत ना? मग बायबलमधली आरोहणस्तोत्रं घ्या. स्तोत्र 120 ते 134, बरोबर पंधरा. यरुशलेमला चढणाऱ्या यात्रेकरूंचीच ती. निघताना एक, दुपारच्या विसाव्याला एक, मुक्कामावर एक. बहुतेक इतकी छोटी आहेत की दोन दिवस आधी पाठ होतील. मोबाइल बाहेर काढायची गरज नाही.

जुळणीही छान बसते. पहिल्या दुपारी 121 येतं, पाय ढळू न देणाऱ्या देवाचं, आणि पुढे पोर्तोमारिनच्या, म्हणजे पहिल्या मुक्कामाच्या, पुलाआधी तीव्र उतार आहे. तिसऱ्या दिवशी 127: पहाटे उठून धडपडणं व्यर्थ. पुढच्या धर्मशाळेत पलंग मिळावा म्हणून अंधारात बॅटरी लावून पळणाऱ्यांनी हे मोठ्याने वाचावं! शेवटच्या दिवशी 133, भावांनी एकोप्याने राहण्याचं. तोवर तुम्ही सहा जण एकमेकांच्या घोरण्याला वैतागलेले असाल.

सकाळचा पहिला तास मौन ठेवा. नंतर गप्पा मारा, बळेच गंभीर राहू नका.

टाच_अंगठा
वाटसरूंचं पटलं, पण पहिल्याच दिवशी फोड आला की स्तोत्र सुचत नाही. फोड येतो तो ओलावा आणि घर्षण एकत्र आले की. सुती मोजे घाम धरून ठेवतात. मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. चालून पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा-एक नंबर मोठा. कुठे चटका बसल्यासारखं वाटलं की *तिथेच* थांबून टेप लावा. 'पुढच्या गावात बघू' म्हणणारेच लंगडतात. आणि अडचण ही की सगळ्यांना थांबवायची लाज वाटते म्हणून माणूस बोलत नाही. यात्रेत शिकायचं ते इथे आहे: दुखतंय हे वेळेवर सांगणं आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता थांबणं.

पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांत, पाणी धरून. 60 किलोच्या माणसाला 6 किलो. 'असू दे, लागेल' म्हणून भरलेलं सगळं भीतीपोटी भरलेलं असतं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, अध्याय 10 मध्ये, प्रभू येशू शिष्यांना थैली-झोळी नेऊ नका म्हणतो; बॅग भरण्याआधी तो अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा, अर्धा किलो तरी कमी होईल. रेनकोट मात्र काढू नका, गालिसियात, म्हणजे हा रस्ता आहे त्या प्रांतात, ऑक्टोबरात पाऊस असतो.

सराव: निदान दोन महिने आधीपासून, शनिवार-रविवार *लागोपाठ*. एकदा 25 किमी चालणं कुणालाही जमतं, दुसऱ्या सकाळी पुन्हा निघणं अवघड. उतारासाठी पांडवलेणीच्या पायऱ्या, त्याही भरलेल्या बॅगेसकट.

नाशिकरोडकर
दोघांचे आभार. 64 वर्षांच्या काकूंच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. बॅग गाडीने पुढे पाठवली तर यात्रा खोटी ठरते का?

दिंडीवाला
निवृत्तीनाथांच्या पालखीसोबत त्र्यंबकहून पंढरपूरला निघणाऱ्यांचंही सामान ट्रकमध्येच असतं, त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. खुशाल पाठवा. पण सामान पोहोचवणारे सरकारी धर्मशाळेत बॅग उतरवत नाहीत. त्या दिवशी खासगी जागा आधी बुक करा. पालास दे रेय ते आर्सुआ हा 29 किमीचा टप्पा मेलिदेला तोडला की 15 आणि 14 होतो. दिवस सहा होतील, स्तोत्रांचा हिशेब मोडेल, मोडू दे. चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची ठेवा, काकूंना पुढे घाला.

यात्रेकरूच्या पासपोर्टवर (वाटेतले शिक्के घ्यायचं कार्ड) रोज दोन शिक्के घ्या, चर्चमध्ये, धर्मशाळेत, अगदी चहा-कॉफीच्या दुकानातही मिळतात. एकच घेतला तर कोम्पोस्तेला, म्हणजे तिथलं प्रमाणपत्र, देताना अडवू शकतात. ते देताना हेतूही विचारतात, धार्मिक की आणखी काही. उत्तर घरूनच ठरवून जा.

वाटसरू
एक राहिलं. सान्तियागोच्या कथेड्रलमध्ये, म्हणजे मुख्य चर्चमध्ये, पाठीवरची बॅग घेऊन सोडत नाहीत. आधी मुक्कामावर टाका, अंघोळ करा, मगच दुपारी 12 च्या यात्रेकरू मिस्साला (सामूहिक उपासनेला) जा. त्यासाठी घाई होत असेल तर संध्याकाळी साडेसातची आहे. मोठं धूपपात्र प्रत्येक मिस्साला फिरवत नाहीत, त्यामुळे त्याच्या आशेने कॅमेरा धरून बसू नका.