जॉन कर्टिन: सक्तीच्या भरतीविरुद्ध तुरुंगात गेलेल्या नेत्याने पुढे भरतीचा कायदा का आणला?

दर्यासारंग (प्रश्न):
ऑस्ट्रेलियाचे युद्धकाळातले पंतप्रधान जॉन कर्टिन यांच्याबद्दल वाचतोय. तीन गोष्टींचा मेळ बसत नाही. १९४० ची निवडणूक जिंकली नव्हती, तर ऑक्टोबर १९४१ मध्ये पंतप्रधान कसे झाले? चर्चिल यांना सैन्य नाकारलं म्हणतात, ते नेमकं कोणतं? आणि १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीच्या विरोधात तुरुंगात गेलेल्या माणसाने १९४३ मध्ये स्वतःच तसा कायदा का केला?

टिपणवही:
पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. १९४० मध्ये ७४ जागांच्या सभागृहात तेव्हाचे पंतप्रधान मेन्झीस यांच्या आघाडीला ३६ आणि कर्टिन यांच्या मजूर पक्षाला (न्यू साउथ वेल्समधला फुटीर गट धरून) ३६ जागा मिळाल्या. उरले दोन अपक्ष, आर्थर कोल्स आणि अलेक्झांडर विल्सन. दोघेही व्हिक्टोरियाचे. सरकार त्यांच्याच आधारावर उभं होतं. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस स्वपक्षाचाच पाठिंबा आटल्यामुळे मेन्झीस यांनी राजीनामा दिला आणि आर्थर फॅडन पंतप्रधान झाले. त्यांच्या अर्थसंकल्पातली पहिली रक्कम एका पौंडाने कमी करावी, अशी दुरुस्ती कर्टिन यांनी मांडली. तिथे अविश्वास दाखवायची ही रूढ रीत आहे, पौंडाला तसा काही अर्थ नसतो. ३ ऑक्टोबरला दोन्ही अपक्षांनी तिच्या बाजूने मत दिलं, ३६ विरुद्ध ३३ ने सरकार पडलं आणि ७ ऑक्टोबरला कर्टिन यांचा शपथविधी झाला.

१९३५ मध्ये पक्षनेतेपदही त्यांना फ्रँक फोर्ड यांच्यापेक्षा अवघं एक मत जास्त पडून मिळालं होतं, तेही दारू सोडण्याचं वचन दिल्यावर. स्वतःचं निर्विवाद बहुमत त्यांना ऑगस्ट १९४३ च्या निवडणुकीत मिळालं: ७४ पैकी ४९ जागा.

खलाशी_जुना:
सैन्य म्हणजे मध्यपूर्वेतून मायदेशी निघालेली ऑस्ट्रेलियाची ७ वी डिव्हिजन. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपानच्या हाती पडलं, तिथे सुमारे १५,००० ऑस्ट्रेलियन सैनिक कैद झाले. १९ तारखेला डार्विनवर बॉम्ब पडले. त्याच आठवड्यात चर्चिल यांनी ही डिव्हिजन रंगूनला मागितली. रूझवेल्ट यांनीही आग्रह धरला, लंडनमधले ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी अर्ल पेज त्याच बाजूचे होते. कर्टिन यांनी लष्करप्रमुख स्टर्डी यांच्या सल्ल्यावरून नकार दिला. तरीही चर्चिल यांनी परवानगीची वाट न पाहता ताफा उत्तरेकडे वळवला होता, आणि तसं नंतर कळवलं. कर्टिन यांच्या कडक तारेनंतर जहाजं कोलंबोमार्गे परत फिरली.

हा नकार केवळ भावनेचा नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. जहाजं उतरताच लढता येईल अशा रीतीने भरलेली नव्हती. माणसं एका जहाजावर आणि त्यांची अवजड सामग्री दुसऱ्यावर, असा प्रकार होता. २३ फेब्रुवारीला ब्रह्मदेशातल्या सितांग नदीवरचा पूल उडवला गेला तेव्हा १७ व्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या तीरावरच अडकला. ८ मार्चला रंगून गेलं. त्या गोंधळात विस्कळीत उतरलेली डिव्हिजन फुकट गेली असती, असं माझं ठाम मत आहे. पण कर्टिन यांनी सगळंच नाकारलं, हेही खरं नाही. ६ व्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड काही महिने सिलोनच्या बचावासाठी ठेवायला त्यांनी मान्यता दिली.

घटनाप्रेमी:
तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १९१६ मध्ये भरतीच्या हुकुमाला न जुमानल्याबद्दल कर्टिन यांना शिक्षा झाली, तीन दिवसांत सुटका झाली. त्याच वादात मजूर पक्ष दुभंगला आणि पंतप्रधान ह्यूज बाहेर पडले. कर्टिन हे कधी विसरले नाहीत, त्यामुळे १९४३ चा कायदा त्यांनी मुद्दाम आखूड ठेवला.

मुळात भरती आधीपासून होतीच, पण सक्तीने भरती झालेल्यांना, म्हणजे मिलिशियाला, ऑस्ट्रेलिया आणि तिच्या प्रदेशांबाहेर पाठवता येत नव्हतं. परदेशी लढायला स्वयंसेवकांचं वेगळं दल होतं. अमेरिकेची सक्तीने भरती झालेली मुलं ऑस्ट्रेलियाच्या रक्षणासाठी लढत असताना हा भेद टिकवणं अवघड झालं. नोव्हेंबर १९४२ मध्ये कर्टिन यांनी विषय थेट संसदेत न नेता पक्षाच्या परिषदेत मांडला. तिथून तो राज्यशाखांकडे गेला, जानेवारीच्या विशेष परिषदेत मंजूर झाला आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये कायदा झाला. मर्यादा अशी: विषुववृत्ताच्या दक्षिणेला, ११० ते १५९ अंश पूर्व रेखांशांच्या आत. फिलिपाइन्स बाहेर. पक्षातल्या आर्थर कॉलवेल, एडी वॉर्ड यांनी तरीही कडाडून विरोध केला, पण या वेळी पक्ष फुटला नाही.

दर्यासारंग:
मग मिलिशियाची ३९ वी बटालियन जुलै १९४२ मध्येच पापुआतल्या कोकोडाला कशी लढत होती? कायदा तर नंतरचा.

घटनाप्रेमी:
पापुआ तेव्हा ऑस्ट्रेलियाचाच प्रदेश होता, म्हणून जुन्या कायद्यातही ते बसत होतं. नवा कायदा लागायचा तो डच न्यू गिनी किंवा तिमोरसाठी. ऑगस्टअखेर इसुरावाला त्या थकलेल्या बटालियनच्या मदतीला जी २१ वी ब्रिगेड पोचली, ती खलाशी_जुना यांनी सांगितलेल्या ७ व्या डिव्हिजनचीच, आणि ते सगळे स्वयंसेवक होते.