कंपनीला तयार माणूस पाहिजे, पण तयार करायचा कोणी?

रात्रपाळी
आधी बावीस वर्षं मेंटेनन्सला होतो, गेली सहा वर्षं तंत्रनिकेतनात शिकवतोय, त्यामुळे "आजकालच्या पोरांना काही येत नाही" हे वाक्य मी आधी म्हणायचो आणि आता ऐकून घेतो. धागा काढायचं कारण म्हणजे आमच्याकडे पोरांच्या प्रशिक्षणासाठी परत एकदा तिघांचा करार झाला, कॉलेज, सरकार आणि एक बरी मोठी कंपनी. हारतुरे, फोटो, फाइल बंद.

मागच्या करारातनं एक सीएनसी लेथ (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन) आलं होतं, वापरलेलं पण चांगलं. उद्घाटनाच्या दिवशी फिरलं, मग सुट्ट्या लागल्या, मशीन दोन-अडीच महिने बंद, कंट्रोलरची बॅटरी आधीच म्हातारी, ती संपली आणि सगळे पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंगचे आकडे, पुसले गेले. (जुन्या कंट्रोलरची मेमरी बॅटरीवर टिकते. ती गेली की मशीनला आपला स्लाइड कुठपर्यंत सरकतो हेसुद्धा आठवत नाही.) अनुदानात मशीन घ्यायला हेड (खर्चाचं खातं) आहे, बॅटरी घ्यायला नाही म्हणे. कंपनीचा माणूस "येतो येतो" म्हणाला. आता त्या लेथवर प्लॅस्टिकचं कव्हर आहे आणि कव्हरवर कागद, "हात लावू नये".

माझं म्हणणं एवढंच, कंपनीने मशीन देऊच नये, माणूस द्यावा. आठवड्याला दोन दिवस, कंपनीच्या पगारावर, फोरमन लेव्हलचा, अजून कामावर असलेला. रिटायर्ड नको आणि एचआरचा तर अजिबात नको. आणि करारात आकडा पाहिजे, दरवर्षी इतकी पोरं शिकाऊ म्हणून आत घेणार, नाही घेतली तर इतके पैसे कॉलेजला भरणार. हे नसेल तर त्याला भागीदारी कशाला म्हणायचं, देणगी म्हणा आणि पावती द्या.

सहा_लेथवाला
सर, मुद्दा मोठ्या कंपनीला धरून ठीक आहे. माझ्यासारख्याचं काय? सहा मशीन, नऊ माणसं. मी पोरगं घेतो, पहिले तीन महिने ते फक्त स्क्रॅप काढतं, टूल तोडतं, चौथ्या महिन्यात जरा हात बसतो, वर्षाने ते खरंच कामाचं होतं आणि त्याच महिन्यात शेजारची मोठी कंपनी त्याला उचलते. हे एकदा नाही, पाच वेळा झालंय. पोराला दोष देत नाही, मीही गेलो असतो. पण मग मी शिकवायचं कशाला? माझा फोरमन दोन दिवस तुमच्याकडे पाठवला तर तेवढे दिवस माझं डिस्पॅच कोण बघणार? तुमची ती "नाही घेतली तर पैसे भरा" अट माझ्यावर पण लावणार का?

मास्तरीणबाई
मला धाग्याची दिशाच पटलेली नाही. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि दर वर्षी कोणीतरी सूटवाला येऊन सांगतो की आमच्या कंपनीत अमुक सॉफ्टवेअर वापरतात, ते सिलॅबसमध्ये घाला. घालतो. तीन वर्षांनी कंपनी सॉफ्टवेअर बदलते. कॉलेज म्हणजे कोणाच्या दाराशी उभी असलेली भरतीची रांग नाही. पोराला पुढे चाळीस वर्षं काम करायचंय, त्याला ओहमचा नियम हाडात मुरलेला पाहिजे, बटणं कुठली दाबायची ते काय, पंधरा दिवसांत शिकेल.

उदाहरण देते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये मॅरिकोपाच्या कम्युनिटी कॉलेजांनी २०२२ मध्ये इंटेलबरोबर चिप कारखान्यातल्या टेक्निशियनसाठी झटपट कोर्स काढला. १० दिवस, ४० तास. सगळीकडे कौतुक. पुढच्याच वर्षी त्याच भागात टीएसएमसीने (तैवानची चिप बनवणारी कंपनी) आपल्या कारखान्याचं उत्पादन २०२४ वरून २०२५ वर ढकललं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये खुद्द इंटेलने जगभर मिळून १५ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं. आता ४० तासांत शिकलेल्या माणसाने ते ४० तास दुसरीकडे कुठे वापरायचे?

रात्रपाळी
बाई, ओहमच्या नियमावर तुमचं-माझं भांडण नाही. पण एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक मशीन रोज दुपारी दोन-तीनच्या सुमाराला ट्रिप व्हायचं. नवीन चार इंजिनियर, चौघांनाही पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) लॅडर, म्हणजे त्याचा प्रोग्राम, तोंडपाठ, लॅपटॉप लावून दोन दिवस प्रोग्राम वाचत बसले. तिसऱ्या दिवशी जुना इलेक्ट्रिशियन सुट्टीवरून आला, त्याने पॅनेल उघडलं, मेन बंद करून टर्मिनलच्या पट्टीवरून बोटं फिरवली आणि एका ठिकाणी थांबला. एक टर्मिनल बाकीच्यांपेक्षा गरम. फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबलेलं नव्हतं, आतली तार सैल. दुपारी लोड वाढला, पॅनेल तापलं की कॉन्टॅक्ट सुटायचा. स्क्रू आवळला, संपलं. आता यात ओहमचाच नियम आहे हो, सैल जोड म्हणजे जास्त रेझिस्टन्स म्हणजे उष्णता. चौघांनी तो परीक्षेत लिहिलाही असणार. पण बोट फिरवायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि ते तुमच्या लॅबमध्ये शिकवता येणार नाही, कारण तुमच्या लॅबमधला पॅनेल रोज आठ तास तापतच नाही.

स्टायपेंडवर_जगतोय
इथे सगळे मोठे लोक बोलताय म्हणून जरा घाबरत लिहितोय. मी सध्या शिकाऊ आहे, अकरावा महिना. ट्रेड फिटर. या अकरा महिन्यांत मी साडेआठ महिने पॅकिंग लाइनवर होतो, खोक्याला पट्टी मारायची आणि बारकोड लावायचा. लॉगबुकमध्ये मात्र स्क्रेपिंग (पृष्ठभाग खरवडून सपाट करणं), अलाइनमेंट, बेअरिंग फिटिंग सगळं लिहिलंय, सही पण आहे, मीच लिहितो आणि साहेब सही करतात. कॉलेजचे सर एकदा व्हिजिटला आले होते, ऑफिसमध्ये बसून गेले. त्यामुळे रात्रपाळी सर, तुम्ही म्हणता तसं "इतकी पोरं आत घेणार" लिहिलं तर ते घेतीलच की, कमी पगारात माणूस कोणाला नको आहे. आत घेऊन काय करतात ते कोण बघणार?

भरती_डेस्क
@स्टायपेंडवर_जगतोय, वाईट वाटलं वाचून, पण सगळ्या कंपन्यांना एका मापात मोजू नका. मी एचआरमध्येच आहे (रात्रपाळी सरांनी "अजिबात नको" म्हटलं तीच जमात). आमच्याकडे शिकाऊ मुलांचं रोटेशन ठरलेलं असतं, दर दहा आठवड्यांनी खातं बदलतं, आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात प्रॉडक्शनवाला येऊन म्हणतो की हे पोरगं चांगलं आहे, माझ्याकडेच राहू दे. तो वाईट नसतो हो, त्याच्यावर टार्गेट असतं.

बाकी मला जर्मनीचं उदाहरण कोणी दिलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, अशा चर्चेत ते पाचव्या प्रतिसादापर्यंत येतंच. तर मीच देते. तिथे साधारण तीन ते चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत, कोर्स दोन ते साडेतीन वर्षांचा, १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. कंपनीच शिकवते आणि खर्चाचा मोठा भाग कंपनीच उचलते.

फाइलवाला
भरतीताई, जर्मनीचं अर्धंच सांगितलंत. खरी गंमत परीक्षेत आहे. जी कंपनी शिकवते ती परीक्षा घेत नाही. परीक्षा चेंबर (उद्योग-व्यापाऱ्यांचं मंडळ) घेतं, आणि परीक्षा मंडळावर मालकांचे जितके प्रतिनिधी तितकेच कामगारांचे, शिवाय व्यावसायिक शाळेतला किमान एक शिक्षक. त्यामुळे साडेआठ महिने पट्टी मारून लॉगबुक भरलं तर परीक्षेला पोरगं आपटणार आणि कंपनीचं नाव खराब होणार. आमच्या या पोराचं लॉगबुक कोण तपासतं? सही करणारा आणि पट्टी मारायला लावणारा एकच माणूस आहे.

मी आयुष्यभर प्रशिक्षण योजनांच्या फायली हलवल्या, आता निवृत्त. आतून सांगतो, सरकारी बाजूला दोषच आहे आणि तो पैशाचा नाही, मोजमापाचा आहे. योजनेत मोजतात काय तर नाव नोंदवलेली डोकी आणि वाटलेली सर्टिफिकेटं. दोन्ही ३१ मार्चच्या आत पाहिजेत. मग मार्चमध्ये सगळे एकदम कुशल होतात. वर्षभराने तो पोरगा त्याच ट्रेडमध्ये काम करतोय का, हा रकाना मी एका फॉर्ममध्ये घालायचा प्रयत्न केला होता. वरून प्रश्न आला, ही माहिती गोळा कोण करणार. रकाना काढला.

सहा_लेथवाला
जर्मनी जर्मनी सगळे करतात, पण तिथेही पाचातली एकच कंपनी शिकाऊ घेते, बाकीच्या चार आयत्या बिळावरच्या नागोबा आहेत. म्हणजे माझा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. मी म्हणतो बॉन्ड करू द्या ना. मी दीड वर्ष शिकवलं, तू दोन वर्षं थांब, नाहीतर खर्च भर.

फाइलवाला
तिथल्या कायद्यात नेमकं तेच चालत नाही. शिक्षण संपल्यावर दुसरीकडे काम करायला अडवणारा करार रद्दबातल धरतात, नोकरीचा करार फार तर शेवटच्या सहा महिन्यांत करता येतो. आणि ते बरोबरच आहे, अठरा वर्षांच्या पोराला साखळी घालून कारागीर होत नाही.

मास्तरीणबाई
सहा लेथवाले, तुमची तक्रार अर्थशास्त्रात जुनी आहे. गॅरी बेकर नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात हेच मांडलं (पुढे १९९२ ला नोबेल मिळालं त्याला). जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं त्याचा खर्च कंपनी करणार नाही कारण माणूस ते घेऊन निघून जातो, म्हणून तो खर्च शिकणाराच कमी पगाराच्या रूपाने सोसतो. जे कौशल्य फक्त तुमच्याच मशीनवर चालतं त्याच्यावर तुम्ही आनंदाने खर्च कराल. म्हणूनच मी म्हणते की लेथ, मोजमाप, ड्रॉइंग वाचणं हे सगळ्यांना लागणारं शिक्षण सरकारी पैशातून कॉलेजात व्हावं आणि तुमच्या खास मशीनचं तुम्ही बघा. रेघ तिथे ओढा.

रात्रपाळी
रेघ कागदावर छान दिसते बाई. मायक्रोमीटर धरणं सगळ्यांना लागतं ना? मग कॉलेजात शिकवतो आम्ही. साफ केलेल्या, थंड जॉबवर. शॉपफ्लोअरवर जॉब मशीनवरून गरम उतरतो, त्याच्यावर कूलंट असतं, मागे ऑपरेटर घाईत उभा असतो, आणि पोरगं गरम जॉब मोजून "साइज ओके" लिहितं. थंड झाल्यावर तोच जॉब अंडरसाइज. हे कौशल्य सगळीकडे लागणारं आहे की खास कंपनीचं? दोन्ही आहे, म्हणूनच तर दोघांनी मिळून शिकवायला पाहिजे म्हणतोय.

पण लेथवाल्यांचा मुद्दा मला खोडता येत नाहीये, हे कबूल करतो. छोट्याला दंडाची अट लावणं चूक होईल.

फाइलवाला
त्याला उपाय आहे, डेन्मार्कचा. सगळ्या मालकांनी कामगारसंख्येप्रमाणे एका फंडात पैसे टाकायचे, शिकवणारे न शिकवणारे सगळे. ज्याच्याकडे शिकाऊ आहे त्याला ते पोरगं शाळेत असतानाच्या दिवसांचा पगार त्या फंडातून परत मिळतो. १९७० च्या दशकापासून चालू आहे. म्हणजे शेजारची मोठी कंपनी तुमचं पोरगं उचलते पण निदान तिने आधी पैसे तरी भरलेले असतात.

भरती_डेस्क
फंडाची दुसरी बाजू पण बघा. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून शिकाऊंसाठी लेव्ही (कंपन्यांकडून सक्तीची वर्गणी) लावली, वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर असेल तर त्यावर अर्धा टक्का. झालं काय, मोठ्या कंपन्यांनी म्हटलं पैसे भरलेच आहेत तर वसूल करू, आणि नोकरीत असलेल्या मॅनेजर लोकांनाच अप्रेंटिस म्हणून दाखवून मॅनेजमेंटचे कोर्स करून घेतले. इंग्लंडमध्ये नवे अप्रेंटिस २०१६-१७ ला ४ लाख ९५ हजारांच्या आसपास होते, पुढच्या वर्षी ३ लाख ७६ हजारांच्या आसपास आले. फंड कशावर खर्च करायचा हे घट्ट बांधलं नाही तर मलई वरच्यांनाच जाते. मी एचआर आहे, मला माहितीये आम्ही काय करतो ते :)

स्टायपेंडवर_जगतोय
फंड, लेव्ही सगळं बरोबर असेल. मला एक साधी गोष्ट विचारायची होती. करारावर तीन सह्या असतात, प्राचार्य, कंपनी, सरकार. माझ्याकडे त्याची कॉपीसुद्धा नाहीये. मला नेमकं काय शिकवायचं ठरलंय ते मी आजपर्यंत वाचलेलं नाही.

रात्रपाळी
हे मी सहा वर्षांत एकदाही कोणाला दिलं नाही. खरं सांगतो, डोक्यातच आलं नाही. आमची पोरं गेली आहेत त्या सगळ्यांना सोमवारी ट्रेडचं वेळापत्रक पाठवतो. तुझ्या कॉलेजात अर्ज देऊन कॉपी माग, नाही दिली तर इथे लिही.

मास्तरीणबाई
आणि लॉगबुक स्वतःच्या वहीत खरं खरं वेगळं लिहून ठेव. तारीख टाकून. पट्टी मारली तर पट्टी मारली लिही.

फाइलवाला
रात्रपाळी, बॅटरीला हेड नाही हे कोणी सांगितलं? मशीनच्या हेडमधून मिळणार नाही, कन्झ्युमेबल्समधून घ्या, टूलबिट आणि कूलंट घेता ना त्यातूनच. टिपण्णी दोन ओळींची लागते.

सहा_लेथवाला
बॅटरी बदलून काय होतंय, पॅरामीटर परत भरायला पाहिजेत. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मशीनवाल्याची छापील यादी अडकवलेली असते, बघितली का?

रात्रपाळी
दाराची किल्ली स्टोअरकीपरकडे आहे. तो रजेवर.

सहा_लेथवाला
बघा म्हणजे :D माझ्या दोन मशीनला असलाच जुना कंट्रोलर आहे, मी हाताने भरलेत पॅरामीटर, अख्खा दिवस जातो आणि एक आकडा चुकला की स्लाइड जाऊन धडकतो. किल्ली आली की व्यनि करा, रविवारी माझं काम बंद असतं, येतो. फक्त तीन-चार पोरं थांबवून ठेवा, आकडे वाचून दाखवायला एक आणि बघायला बाकीची. ते प्लॅस्टिक आधीच काढून ठेवा, आत घाम धरून गाइडवे (स्लाइड ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) गंजलेत का ते मला पहिल्यांदा बघायचंय.